समुपदेशन कक्षाची किल्ली कोणाकडे आहे? : कुलगुरूंना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व सार्वजनिक विद्यापीठांचे माननीय कुलगुरू,
तसेच व्यवस्थापन परिषदांचे आणि विद्यापरिषदांचे सन्माननीय सदस्य

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात माझ्या टेबलावर दोन कागद आले. पहिली होती आमच्या विद्यापीठात भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेची निमंत्रणपत्रिका. जागतिक आरोग्य समता आणि उच्च शिक्षण असा परिषदेचा विषय होता, परदेशी वक्त्यांची नावे होती आणि उपस्थित प्राध्यापकांना प्रमाणपत्र मिळेल अशी तळटीपही होती. दुसरा कागद झेरॉक्स काढलेला, एका पानाचा होता. विद्यार्थी कल्याणाच्या खर्चाचा फेरआढावा पूर्ण होईपर्यंत संलग्न महाविद्यालयांतील मानधनावरील समुपदेशकांची व्यवस्था पुढील आदेशापर्यंत स्थगित ठेवण्यात येत आहे, असे त्यात कळवले होते. शिपायाने दोन्हींवर आवक क्रमांक टाकून ते एकाच फाइलला लावले. मी ते काढून समोर ठेवले आणि हे पत्र लिहायला घेतले.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित महाविद्यालयात एकवीस वर्षे इतिहास शिकवतो आणि त्यांतली नऊ वर्षे राष्ट्रीय सेवा योजनेचा (रासेयो) कार्यक्रम अधिकारी आहे. मानसोपचार हा माझा विषय नाही. मी येथे माझ्या विद्यापीठाचे नाव घेतलेले नाही. इतर विद्यापीठांतले माझे सहकारी जे सांगतात ते याहून फारसे वेगळे नसते, आणि एका कुलगुरूंकडून खुलासा मागवून बाकीच्यांनी हुश्श म्हणावे, असे मला होऊ द्यायचे नाही.

आमच्याकडे 'समुपदेशन कक्ष' ही पाटी २०१६ पासून आहे. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती यायच्या आदल्या आठवड्यात ती लागली आणि तिचा रंग अजून शाबूत आहे. आत दोन लोखंडी कपाटे, अंतर्गत परीक्षांच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, जुन्या क्रीडा महोत्सवाचे फलक आणि चाक निखळलेली एक व्हीलचेअर आहे. किल्ली भांडार सांभाळणाऱ्या लिपिकाकडे असते. २०२३ च्या जुलैपासून आम्हाला समुपदेशक मिळाल्या. चार महाविद्यालयांत मिळून एक, आमच्या वाट्याला मंगळवार आणि शुक्रवारची दुपार. त्या यायच्या त्या दिवशी गठ्ठे व्हरांड्यात काढून ठेवावे लागत. पहिले तीन आठवडे कोणी फिरकले नाही. चौथ्या आठवड्यात एक मुलगा 'शिष्यवृत्तीचा फॉर्म इथेच मिळतो का' असे विचारत आत गेला आणि चाळीस मिनिटांनी बाहेर आला. दिवाळीच्या सुट्टीनंतर मंगळवारी दुपारी त्या दाराबाहेर चपलांचे जोड दिसू लागले. अकराशे विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात ही काही गर्दी म्हणता येणार नाही, पण येणारे स्वतःहून येत होते, आणि माझ्या एकवीस वर्षांत सक्तीशिवाय भरलेला असा दुसरा उपक्रम मी पाहिलेला नाही.

त्याच सुमारास कार्यालयाकडून समुपदेशक मॅडमना विचारणा झाली की, आपण नोंदवही का भरत नाही. नोंदवहीत विद्यार्थ्याचे नाव, वर्ग, मोबाइल क्रमांक, 'समस्येचे स्वरूप' आणि स्वाक्षरी असे रकाने होते. ती नॅकच्या अहवालाला पुरावा म्हणून जोडायची होती. मॅडमनी फक्त संख्या दिली, नावे दिली नाहीत. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ ने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, हे त्यांनी एका ओळीत लिहून कळवले. त्यावर 'नियमानुसार नोंदवही आवश्यक' असा शेरा मारून कागद परत आला. आपल्या व्यवस्थेत मुलीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट गुणांकनाची सोय होऊन बसते, आणि हे लिहिणाऱ्या लिपिकालाही त्यात काही वावगे वाटत नाही, ही माझी पहिली तक्रार आहे.

दुसरी तक्रार एका विद्यार्थिनीविषयी आहे. तिची ओळख पटेल असे काहीच मी लिहिणार नाही. ती द्वितीय वर्षाला होती. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात स्वयंपाकाच्या गटात सगळ्यांत आधी उठणारी ही मुलगी. त्या हिवाळ्यात ती वर्गात येईनाशी झाली आणि एक दिवस ग्रंथालयाच्या पायरीवर भेटली तेव्हा म्हणाली, "सर, मले काही सुचूनच नाही राहिलं. वाचाले बसलं तं अक्षरंच दिसत नाही." गावातल्या लोकांनी आधी तिला देवस्थानी नेले होते, त्यांना मी दोष देत नाही, देवस्थान आठ किलोमीटरवर होते आणि जिल्हा रुग्णालय चौसष्ट. समुपदेशक मॅडमनी चिठ्ठी दिली, तिच्या आईला समजावले, आणि मायलेकी एसटीने जिल्ह्याला गेल्या. महिलांना अर्धे तिकीट आहे, ही मोठीच सोय. पण एका फेरीत आईची पूर्ण दिवसाची मजुरी जाते, आणि औषधासाठी दर महिन्याला फेरी असते. तरी त्या गेल्या. तिला औषधाचा गुण येऊ लागला.

दरम्यान तिची हजेरी पंच्याहत्तर टक्क्यांखाली गेली होती. जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकारतज्ज्ञांचे प्रमाणपत्र जोडून आम्ही सवलतीचा अर्ज पाठवला. तो परत आला. शेरा असा होता : 'शस्त्रक्रिया अथवा रुग्णालयात दाखल असल्याचा पुरावा जोडावा.' आम्ही पुन्हा पाठवला, पुन्हा तोच शेरा आला, आणि तोवर परीक्षा अर्ज भरण्याची मुदत संपली. पाय मोडला असता तर तिचे वर्ष वाचले असते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा मानसिक आजाराला त्याच्या एकवीस प्रकारांमध्ये नावानिशी गणतो. २०१७ चा अधिनियम मानसिक आजाराच्या रुग्णाला आरोग्यसेवेत शारीरिक आजाराच्या रुग्णाच्या बरोबरीने वागवा असे सांगतो. परीक्षा विभागाच्या छापील नमुन्यात मात्र आजाराच्या पुढे अजून टाके आणि खाटच आहे. ती मुलगी सध्या गावी शिवणकाम करते. औषध चालू आहे, एवढे मला कळते. शिक्षण चालू नाही.

माझा या प्रकरणाशी काय संबंध, असे कोणी विचारील, म्हणून तेही लिहितो. २०१४ साली मी स्वतः आठ महिने नैराश्यावर औषध घेतले आहे. त्यासाठी नागपूरला जात असे. रजेच्या अर्जावर मी 'पाठदुखी' लिहिले आणि अर्ज त्याच दिवशी मंजूर झाला. मला पगार होता, नागपूरला राहायला मेहुण्याचे घर होते आणि खोटे लिहिण्याइतके कार्यालयीन शहाणपण होते. त्या मुलीने खरे लिहिले आणि तिचे वर्ष गेले. परिषदेच्या पत्रिकेवरचा 'समता' हा शब्द वाचताना मला हे दोन अर्ज शेजारी शेजारी दिसतात.

आता कायद्याविषयी. विद्यापीठ म्हणजे रुग्णालय नव्हे, मानसिक आरोग्य ही आरोग्य खात्याची बाब आहे, असे उत्तर मला दोनदा तोंडी मिळाले आहे. २०१७ च्या अधिनियमाचे कलम ३१ कृपया आपल्या विधी अधिकाऱ्यांकडून काढून घ्यावे. मानसिक आरोग्यसेवेला लागणारे मनुष्यबळ उभे करण्यासाठी शासनाने उच्च शिक्षण संस्थांच्या सहकार्याने शिक्षण-प्रशिक्षणाचे कार्यक्रम आखावेत, असे ते कलम सांगते. आणि कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांत तज्ज्ञांची संख्या आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत न्यावी, अशी मुदतही घालते. कायदा २०१८ मध्ये लागू झाला. म्हणजे मुदत २०२८ ची आहे. देशात आज दर लाख लोकसंख्येमागे एक मनोविकारतज्ज्ञसुद्धा नाही. संसदेच्या स्थायी समितीसमोर २०२३ मध्ये आलेला आकडा ०.७५ चा आहे, आणि निदान तीन तरी हवेत असे मानले जाते. ही तूट केवळ डॉक्टरांनी भरून निघणार नाही. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मनोविकार क्षेत्रातले समाजकार्यकर्ते, परिचारिका आणि समुपदेशक घडवण्याचे काम विद्यापीठांचेच आहे, ते दुसरे कोण करणार?

आमच्या भागातून दरवर्षी मानसशास्त्रात एम.ए. होणारी मुले-मुली बाहेर पडतात. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम केल्याशिवाय त्यांना चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून नोंदणी मिळत नाही. असा अभ्यासक्रम करायचा तर मोठ्या शहरात जावे लागते, जागा बोटांवर मोजण्याइतक्या असतात आणि शुल्क शेतकऱ्याच्या घराला न पेलणारे असते. त्यातच एम.फिल. ही पदवी बंद झाली आणि चिकित्सालयीन मानसशास्त्र व मनोविकार क्षेत्रातले समाजकार्य या दोन विषयांपुरती तिला २०२५-२६ पर्यंतच मुदतवाढ मिळाली. पर्यायी अभ्यासक्रमांची तयारी करायला विद्यापीठांना पुरेसा अवधी होता. तो कोणत्या विद्यापीठाने कसा वापरला, हे अधिसभेत एकदा विचारले जावे. तोवर आमच्या एम.ए. झालेल्या मुली स्पर्धा परीक्षेच्या क्लासला बसतात.

न्यायालयही याबाबत स्पष्ट बोलले आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सुकदेव साहा खटल्यात देशभरच्या शैक्षणिक संस्थांना मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि स्वतंत्र कायदा होईपर्यंत ती बंधनकारक राहतील असे सांगितले. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक जोडणी करावी. शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक वसतिगृहांत आणि वर्गांत ठळक लावावा. यांपैकी शेवटची गोष्ट आमच्याकडे झाली आहे. क्रमांक सूचनाफलकावर आहे, काचेच्या आत, त्याला कुलूप आहे आणि त्यावर आता युवक महोत्सवाचे पत्रक चिकटले आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे आणि त्यांत सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातल्या आहेत. हे आकडे आपणा सर्वांना ठाऊक आहेत. असे असताना समुपदेशकांची व्यवस्था 'पुढील आदेशापर्यंत' स्थगित करणारे पत्रक कोणत्या बैठकीत, कोणत्या टिप्पणीवरून निघाले, हे जाणून घेण्याचा अधिकार मला आहे असे मी मानतो.

सर्वांत जास्त खंत मला पुढच्या मुद्द्याची वाटते, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. जागतिक आरोग्य समता हा शब्द आपण बाहेरून आणतो आहोत, असे परिषदेच्या पत्रिकेवरून वाटते. प्रत्यक्षात या विषयातले काही नामांकित काम आपल्याच अंगणात झालेले आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' हा कार्यक्रम राबवला गेला. त्याच्या नावात आजाराचा उल्लेखच नव्हता, विदर्भातला ताण आणि आरोग्य असे ते नाव होते. गावातल्याच लोकांना प्रशिक्षण देऊन घराघरापर्यंत पोचणे, साधे समुपदेशन करणे आणि गरज पडेल त्यालाच पुढे डॉक्टरकडे पाठवणे अशी ती रीत होती. नैराश्य असलेल्या लोकांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण तिथे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त छापून आले. गोव्यात संगाथ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत वैद्यकीय पदवी नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून सहा-आठ भेटींचा उपचार दिला, तेव्हा तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते; ज्यांना नेहमीचेच उपचार मिळाले त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राने नाशिक जिल्ह्यातल्या ४१ गावांत 'आत्मीयता' हा प्रयोग केला, त्यात गावातलेच स्वयंसेवक होते.

ही माहिती मला माझ्या विद्यापीठाकडून मिळाली नाही. बंगळुरूला शिकणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने मोबाइलवर पाठवलेल्या दुव्यांमधून मिळाली, तीही इंग्रजीत. अमरावतीच्या गावांत काय घडले, हे शेजारच्या जिल्ह्यातल्या रासेयोच्या कार्यक्रम अधिकाऱ्याला बंगळुरूमार्गे कळावे, यात काहीतरी बिनसलेले आहे. आपल्या गावांत येऊन माहिती गोळा होते, ती इंग्रजी नियतकालिकांत जाते, तिच्यावरून जगभरात प्रशिक्षणे आखली जातात, आणि तीच रीत आमच्या अकराशे मुलांच्या महाविद्यालयापर्यंत पोचत नाही. संशोधन करणाऱ्यांचा यात दोष नाही. त्यांनी आपले काम चोख केले. ते उचलून मराठीत आणणे, अभ्यासक्रमात घालणे, शिक्षकांना शिकवणे हे ज्यांचे काम आहे ते आपण आहात.

मराठीत आणणे म्हणजे भाषांतर करून घेणे, असे कोणी समजू नये. गेल्या वर्षीच्या विशेष शिबिरात आम्ही दत्तक गावात आरोग्य सर्वेक्षण केले. वरून आलेल्या प्रश्नावलीत प्रश्न होता : 'गेल्या दोन आठवड्यांत आपणांस उदासीनता, निराशा अथवा वैफल्य जाणवले काय?' माझ्या विद्यार्थिनीने तो एका साठीच्या बाईंना वाचून दाखवला. बाई म्हणाल्या, "हे काय इचारून राहिली वं पोरी?" मुलीने कागद खाली ठेवला आणि विचारले, "आजी, जीव लागते का कामात?" बाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "पोरगा गेला तवापासून कायच्यातच जीव नाही लागत. रातभर इचार इचार." प्रश्नावलीत उत्तराचा रकाना 'नाही' असा आधीच भरला गेला होता, मुलीने तो खोडला. त्या गावातल्या बाकीच्या उंबऱ्यांवर असे किती 'नाही' लिहिले गेले, ते मोजायला आता मार्ग नाही.

झिम्बाब्वेमध्ये शोना भाषेत याच 'रातभर इचार'ला 'कुफुंगिसिसा' असा शब्द आहे, म्हणजे अतोनात विचार करणे. तिथले मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांच्या उपचाराखाली असलेली एक तरुणी बसच्या भाड्याला पैसे नसल्यामुळे रुग्णालयापर्यंत येऊ शकली नाही आणि तिने जीव दिला. ही हकिकत त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितली आहे. त्यानंतर हरारेतल्या आरोग्य केंद्रांच्या आवारात त्यांनी लाकडी बाके ठेवली आणि वस्तीतल्या आज्यांना ऐकून घ्यायला आणि अडचण सोडवायला मदत करायला शिकवले. आज्यांनी 'नैराश्य' हा शब्द वापरला नाही, 'कुफुंगिसिसा' हाच वापरला. २४ केंद्रांमध्ये ५७३ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि ते इतके चांगले होते की ती बाके पुढे न्यूयॉर्कलाही गेली. एका गरीब देशातल्या विद्यापीठाशी जोडलेल्या डॉक्टरने हे केले. बसभाड्याची गोष्ट वाचली तेव्हा मला चौसष्ट किलोमीटर आठवले, हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्ये होती आणि महाराष्ट्र त्यांत नव्हता. आपल्याकडे मानसशास्त्र, संख्याशास्त्र, समाजकार्य या विषयांचे विभाग आहेत, प्रत्येक जिल्ह्यात महाविद्यालये आहेत, आणि नव्या शैक्षणिक धोरणाने प्रत्येक पदवी विद्यार्थ्याला समाजसंपर्काचे आणि क्षेत्र प्रकल्पाचे श्रेयांक सक्तीचे केले आहेत. ते श्रेयांक सध्या बहुतेक ठिकाणी गुगलवरून उतरवलेल्या वीस पानांच्या फाइलवर मिळतात. मीही अशा फाइलींवर सही केली आहे, हे लपवत नाही.

समतेच्या बाबतीत जातीचा उल्लेख टाळून चालणार नाही. २०१९ मध्ये राधिका वेमुला (रोहितची आई) आणि आबेदा तडवी (डॉ. पायलची आई) या मुले गमावलेल्या दोन मातांनी उच्च शिक्षण संस्थांतल्या जातीय भेदभावाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्यांच्यापैकी एक आपल्या महाराष्ट्रातली आहे. वसतिगृहात, प्रयोगशाळेत, शिष्यवृत्तीच्या खिडकीसमोर रोज होणारा अपमान हा मनाच्या आजाराचा विषय आहे की प्रशासनाचा, असा वाद घालण्यात अर्थ नाही. शिष्यवृत्ती आठ महिने अडकलेल्या मुलाला प्राणायाम शिकवणे म्हणजे समुपदेशन नव्हे. समुपदेशकाला त्याच्या वतीने समाजकल्याण कार्यालयाला पत्र लिहिण्याचा अधिकार हवा.

निधी नाही, हे उत्तर मला अपेक्षित आहे. प्राध्यापकांची पदे रिक्त आहेत, तासिका तत्त्वावर काम चालले आहे, शासन पदभरती देत नाही, हे मी रोज पाहतो आणि त्याविषयी आपल्या अडचणी खऱ्या आहेत असे मानतो. तरीही विद्यार्थी विकासाच्या नावाने प्रत्येक प्रवेशाबरोबर शुल्क घेतले जाते. त्यातून किती खर्च मंडप, स्मृतिचिन्हे आणि शाल-श्रीफळ यांवर होतो आणि किती मानधनांवर, हे विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध व्हावे. मग निधीविषयी बोलता येईल.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

समुपदेशकांची स्थगिती रद्द करून, पुढील शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी, सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांप्रमाणे प्रत्येक संलग्न महाविद्यालयात पात्र व्यक्तीची नियमित नेमणूक व्हावी. जिथे पूर्णवेळ पद शक्य नाही तिथे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाशी लेखी करार करून आठवड्यातले ठरलेले दिवस निश्चित व्हावेत. 'मानधनावर, चार महाविद्यालयांत मिळून एक' ही पद्धत थांबावी.

हजेरी आणि परीक्षेच्या सवलतीचा नमुना बदलावा. नोंदणीकृत मनोविकारतज्ज्ञाचे किंवा जिल्हा रुग्णालयाचे प्रमाणपत्र शारीरिक आजाराच्या प्रमाणपत्राइतकेच ग्राह्य धरावे, 'दाखल असल्याचा पुरावा' ही अट काढावी, आणि गेल्या तीन वर्षांत अशा कारणाने फेटाळलेले अर्ज पुन्हा उघडावेत. या मागणीला पैसा लागत नाही. परीक्षा व मूल्यमापन मंडळाची एक बैठक लागते.

समुपदेशनाच्या नोंदींमध्ये नावे मागणे तत्काळ बंद व्हावे आणि आजवर मागवलेल्या नोंदवह्या सीलबंद कराव्यात. नॅकला संख्या पुरेशी आहे. पुरेशी नसेल तर आपण नॅकला तसे पत्र लिहावे.

भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले अभ्यासक्रम विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातल्या विद्यापीठ विभागांमध्ये सुरू व्हावेत, त्यांतल्या जागांना शासकीय शुल्क असावे, आणि शिकणाऱ्यांचे प्रात्यक्षिक नागपूर, पुणे, ठाणे, रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांबरोबरच तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांतही व्हावे.

विश्राम, आत्मीयता आणि गोव्यातल्या कामाची प्रशिक्षण सामग्री संबंधित संस्थांच्या परवानगीने मराठीत, वऱ्हाडी-अहिराणी-मालवणीसह, तयार करून घ्यावी. ती रासेयोच्या स्वयंसेवकांना आणि समाजसंपर्काच्या श्रेयांकांना जोडावी. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना आम्ही उपचारक बनवावे असे मी म्हणत नाही; त्यांना ऐकायला, ओळखायला आणि योग्य ठिकाणी घेऊन जायला शिकवावे, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला तज्ज्ञ असावा. परदेशी विद्यापीठांशी होणाऱ्या प्रत्येक सामंजस्य करारात, जिथून माहिती घेतली त्या गावात निष्कर्ष मराठीत सांगण्याचे कलम असावे.

परिषद भरवू नका असे माझे म्हणणे नाही. पुढच्या परिषदेचे एक सत्र तालुक्याच्या महाविद्यालयात ठेवावे, एवढीच विनंती आहे. जेवणाची व्यवस्था शिबिराच्या स्वयंपाक गटाकडे देता येईल.

या पत्राचे लेखी उत्तर, मराठीत, तीस दिवसांत मिळावे. ते मला वैयक्तिकरीत्या पाठवू नये, संकेतस्थळावर ठेवावे. दरम्यान भांडाराच्या लिपिकांना विनंती करून मी कक्षाची किल्ली मागून घेतली आहे. गठ्ठे ग्रंथालयाच्या माळ्यावर हलवले आहेत, व्हीलचेअरचे चाक वेल्डिंगवाल्याकडे दिले आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मी तिथे बसतो. मला समुपदेशन येत नाही, म्हणून मी फक्त १४४१६ लावून देतो आणि तोवर बाहेर व्हरांड्यात थांबतो. गेल्या मंगळवारी तिघे आले होते.

आपला विश्वासू,
राष्ट्रीय सेवा योजनेचा एक कार्यक्रम अधिकारी,
जि. यवतमाळ